देवमाशाची हाक आणि यंत्राची साक्ष

१९५० नंतरच्या दशकात सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढावा या हेतूने अमेरिकेच्या आरमाराने अटलांटिक महासागराच्या तळाशी हायड्रोफोनांच्या, म्हणजे पाण्याखाली ठेवावयाच्या ध्वनिग्राहकांच्या, ज्या रांगा अंथरल्या, त्यांच्या तारा किनाऱ्यावरील ज्या ठाण्यांत आणून सोडल्या होत्या तेथे पाळीपाळीने बसून कागदावर उमटणाऱ्या रेघा अहोरात्र न्याहाळणे हेच ज्यांचे काम होते, त्या नौसैनिकांच्या नजरेस एक चमत्कारिक ठोका वारंवार येऊ लागला. त्याची कंप्रता सेकंदाला सुमारे वीस कंपनांची, म्हणजे मनुष्याच्या श्रवणशक्तीची खालची हद्द जेथे संपते नेमकी तेथली. लांबी एखाद्या सेकंदाची. मग काही सेकंदांचा खंड आणि पुन्हा तोच ठोका. ही आवर्तने तासन्‌तास इतक्या काटेकोर नियमाने चालत की ती सजीव प्राण्याच्या देहातून निघत असतील ही कल्पना पुष्कळांना पटेना. कोणी म्हणे, हे एखादे यंत्र असावे. कोणाला त्यात शत्रूच्या कारस्थानाचा वास येई. अखेर विल्यम शेविल, विल्यम वॉटकिन्स आणि रिचर्ड बॅकस या वुड्‌स होल सागरविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९६४ साली या प्रकरणाचा निकाल लावला. तो ठोका ‘फिन’ जातीच्या देवमाशाचा होता. निळ्या देवमाशाच्या खालोखाल ज्याचा देह मोठा, असा हा प्राणी आरमाराच्या दप्तरात कित्येक वर्षे बेनाम संशयित म्हणून नोंदला जात होता.

प्रकाश समुद्रात फार दूर जात नाही. दोनशे मीटरांच्या खाली तो नाममात्रच उरतो, आणि वरच्या थरातही गढूळ पाण्यात हाताच्या अंतरापलीकडचे दिसत नाही. ध्वनीची गोष्ट अगदी उलट आहे. हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाणारा ध्वनी समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर जातो, आणि कंप्रता जितकी कमी तितके त्याचे शोषणही कमी. वीस हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी पाण्यात पाऊणशे मीटर भरते. एवढ्या लांब तरंगाला गाळ, शेवाळ किंवा माशांचे थवे यांची पर्वा करण्याचे कारण उरत नाही. त्यातच महासागराची एक नैसर्गिक रचना त्याच्या मदतीस येते. पृष्ठभागापासून खाली जाऊ लागले की पाणी थंड होत जाते आणि ध्वनीचा वेग घटतो. पुढे तापमान जवळजवळ स्थिरावते, परंतु दाब वाढतच राहतो आणि त्यामुळे वेग पुन्हा वाढू लागतो. या दोन प्रवृत्तींच्या सीमेवर, मध्य अक्षांशांत सुमारे एक हजार मीटर खोलीवर, किमान वेगाचा एक थर असतो. आणि ध्वनी नेहमी कमी वेगाच्या बाजूस वळत असल्यामुळे त्या थरात शिरलेला ध्वनी वर पृष्ठभागाला किंवा खाली तळाला न आपटता, वळत वळत शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर जातो. अमेरिकेत मॉरिस युइंग यांनी १९४४ च्या सुमारास आणि सोव्हिएत संघात लिओनिद ब्रेखोव्स्किख यांनी त्यानंतर लवकरच स्वतंत्रपणे या ध्वनिमार्गाचा शोध लावला. आरमाराने आपले कान तेथेच लावले होते, यात नवल नाही.

शीतयुद्ध मावळल्यावर, १९९१ साली, या यंत्रणेवरील गुप्ततेचा पडदा काही अंशी उठला आणि त्यानंतर कॉर्नेल विद्यापीठातील क्रिस्टोफर क्लार्क यांच्यासारख्या प्राणिशास्त्रज्ञांना आरमाराच्या ठाण्यांत प्रवेश मिळाला. दुर्बीण घेऊन बोटीच्या डेकवर उभे राहावे आणि दिवसभरात एखादी पाठ, एखादा फवारा दिसला तर धन्य मानावे, अशी ज्यांची आजवरची तपश्चर्या, त्यांना त्या ठाण्यांत एका निळ्या देवमाशाचा अटलांटिकात ४३ दिवस माग काढता आला. हायड्रोफोन एकाहून अधिक असले म्हणजे हे साधते. एकच हाक दोन ठिकाणी दोन सेकंदांच्या अंतराने पोचली, तर त्या दोन वाटांच्या लांबीत तीन किलोमीटरांचा फरक आहे एवढे गणित कोणालाही करता येते, आणि असे तीन-चार फरक हाती आले की प्राण्याचा ठावठिकाणा नकाशावर मांडता येतो.

परंतु येथूनच एक नवी अडचण उभी राहिली, आणि या लेखाचा विषय खरे पाहता ती अडचणच आहे. शेविल आणि बार्बरा लॉरेन्स यांनी १९४९ मध्ये कॅनडातील सागने नदीत हायड्रोफोन सोडून पांढऱ्या बेलुगा देवमाशांचे आवाज टिपले तेव्हा असे ध्वनिमुद्रण ही अपूर्वाईची चीज होती, आणि ते सबंध ऐकून संपत असे. आज समुद्रतळावर नांगरून ठेवलेले एक स्वयंचलित नोंदयंत्र महिनोन्‌महिने बिनतक्रार ऐकत राहते. वर्षाचे तास ८,७६०. रोज आठ तास, एकही सुटी न घेता, कोणी ऐकावयास बसला तरी एका यंत्राच्या एका वर्षाची जबानी ऐकून घेण्यास त्याला तीन वर्षे लागतील, आणि तोवर यंत्राने आणखी तीन वर्षांचे काम त्याच्या पुढ्यात टाकलेले असेल. तेव्हा ऐकण्याचे काम यंत्राचे, तर ऐकलेल्यातून निवडण्याचे कामही यंत्राकडेच सोपवावे लागणार, हे उघड होते.

यंत्र निवडते ते कानाने नव्हे, डोळ्याने, असे म्हटले तर विपर्यास होणार नाही. ध्वनिमुद्रण म्हणजे दाबातील चढउतारांच्या आकड्यांची अखंड साखळी. त्या साखळीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रतेची किती ऊर्जा आहे हे फूरिये या गणितज्ञाच्या रीतीने काढावयाचे, आणि ते तुकडे एकाशेजारी एक उभे करून काळ आडव्या अक्षावर, कंप्रता उभ्या अक्षावर व ऊर्जा रंगाच्या गडदपणाने दाखवावयाची, की ध्वनीचे एक चित्र तयार होते. त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आरमाराच्या ठाण्यांत कागदावर उमटत होते ते याचेच जुने रूप. या चित्राच्या रेखाटनात निसर्गाने एक अट घालून ठेवली आहे आणि तिच्यातून कोणाची सुटका नाही. सेकंदाला दोन हजार आकडे घेणाऱ्या नोंदीचे २५६ आकड्यांचे तुकडे केले तर एक तुकडा सुमारे अष्टमांश सेकंदाचा होतो आणि कंप्रतेतील सुमारे आठ हर्ट्झचा फरक त्यात ओळखता येतो. कंप्रता अधिक बारकाईने हवी असेल तर तुकडा लांबवावा लागतो, आणि मग ध्वनी नेमका केव्हा सुरू झाला हे धूसर होते. काळ बारकाईने हवा तर कंप्रता धूसर होते. निळ्या देवमाशाची दहा-वीस सेकंद चालणारी, जवळजवळ एकसुरी साद आणि दात असलेल्या स्पर्म देवमाशाचा सेकंदाच्या लहानशा अंशात आटोपणारा टणत्कार ही दोन्ही एकाच चित्रात सारख्याच स्पष्टतेने दिसू शकत नाहीत. कोणाला शोधावयाचे ते आधी ठरवावे लागते. स्पर्म देवमाशाचे व त्याच्या जातभाईंचे प्रतिध्वनीने सावज हुडकणारे टणत्कार ओळखण्याचे शास्त्र स्वतंत्र आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

हाका ओळखण्याच्या शास्त्राची खरी कसोटी लागली ती अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, उत्तर अटलांटिकातील ‘राइट’ देवमाशाच्या संदर्भात. संथ पोहणारा, किनाऱ्याजवळ वावरणारा आणि मेल्यावर तरंगणारा हा प्राणी शिकाऱ्यांना इतका सोयीचा वाटला की कित्येक शतकांच्या शिकारीनंतर आज त्याची संख्या चारशेहूनही कमी आहे. शिकार कधीच बंद झाली. आता त्याला मारतात ती जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर. त्याच्या काळ्या पाठीवर पर नाही, त्यामुळे रात्री, धुक्यात किंवा खवळलेल्या पाण्यात तो शेकडो फूट लांबीच्या जहाजावरील टेहळ्याला दिसण्याची आशा करणे व्यर्थ. मात्र त्याची एक हाक आहे: सुमारे एका सेकंदात साधारण शंभर हर्ट्झपासून दोनशेच्या आसपास चढत जाणारी. नर, मादी, पिल्ले सगळेच ती देतात, आणि ती बहुधा एकमेकांचा ठाव घेण्यासाठी असते. स्पेक्ट्रोग्रामवर ती खालून वर उजवीकडे चढणाऱ्या एका लहानशा तिरप्या रेघेसारखी दिसते. बोस्टनच्या बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवर २००८ पासून दहा तरंगते बोये बांधण्यात आले. ती रेघ दिसल्याचा संशय येताच बोयातील संगणक त्या क्षणाचा तुकडा कॉर्नेलला पाठवी, तेथील जाणकार तो पाहून व ऐकून खातरजमा करीत, आणि हाक खरी ठरली की द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजे त्या टापूत दहा नॉटपर्यंत वेग उतरवीत. तेथील वायूच्या धक्क्याला जो परवाना मिळाला त्याच्या शर्तींतच हा बंदोबस्त लिहिलेला होता. देवमाशाच्या हाकेला सरकारी दस्तऐवजात असे स्थान यापूर्वी क्वचितच मिळाले असेल.

एक तिरपी रेघ ओळखावयाची, त्यात कठीण ते काय, असे वाचकाला वाटेल. पहिला उपाय सुचतो तो असा की ठरावीक कंप्रतांच्या पट्ट्यात ऊर्जा एकाएकी वाढली की हाक समजावी. परंतु त्याच पट्ट्यात जहाजांची यंत्रे घुमत असतात, नांगराचा दोर प्रवाहात थरथरत असतो, आणि या सगळ्यांची ऊर्जा पुष्कळदा हाकेहून अधिक. दुसरा उपाय साच्याचा: आदर्श हाकेचे चित्र तयार करावे, ते स्पेक्ट्रोग्रामवर सरकवीत न्यावे, आणि जेथे ते बरोबर बसेल तेथे खूण करावी. डेव्हिड मेलिंजर आणि क्लार्क यांनी २००० साली बोहेड देवमाशाच्या गीतातील स्वरावर ही पद्धत पारखून मांडली. तिच्यात साच्याच्या दोन्ही बाजूंस उणे किमतीची किनार असते, जेणेकरून सर्वत्र पसरलेला गोंगाट साच्यात बसल्यासारखा दिसून फसवणूक करू नये. तिसरा उपाय रेघेचा माग काढण्याचा: चित्रातील उठावदार कडांवरून यंत्राने स्वतः रेघ ओढावी, तिची लांबी, चढण, सुरुवातीची व शेवटची कंप्रता मोजावी आणि जाणकाराने आधी तपासून ठेवलेल्या हाकांच्या मापांशी ती ताडून पाहावी. वुड्‌स होलच्या मार्क बाउमगार्टनर यांनी या मार्गाने केलेली यंत्रणा आज पाण्याखालून महिनोन्‌महिने सरपटत जाणाऱ्या स्वयंचलित ग्लायडरांत बसवलेली असते. उपग्रहावाटे एवढे ध्वनिमुद्रण पाठविणे परवडण्यासारखे नसल्यामुळे ती केवळ ओढलेल्या रेघांचा गोषवारा किनाऱ्यावर धाडते, आणि तेथे बसलेला मनुष्य त्या रेघा वाचून आपला शेरा मारतो.

मनुष्य अजून तेथे का बसला आहे, हे समजण्यासारखे आहे. त्याच पाण्यात कुबड्या देवमासाही, ज्याला इंग्रजीतले हंपबॅक हे नाव मराठीतही रुळले आहे, वावरतो, आणि त्याच्या विस्तीर्ण ध्वनिभांडारात राइट देवमाशाच्या हाकेसारखी हुबेहूब चढती रेघ असते. एका रेघेपुरते पाहिले तर यंत्रच काय, जाणकारही फसेल. परंतु जाणकार रेघेच्या मागचेपुढचेही पाहतो; आजूबाजूस हंपबॅकचे इतर स्वर घुमत असतील तर तो त्या एकाकी रेघेवर विश्वास ठेवीत नाही. संदर्भावरून साक्ष पारखण्याची ही रीत यंत्राला शिकवणे हे रेघ ओळखण्याहून फार अवघड आहे.

येथे एक साधा हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, यंत्र दर दोन सेकंदांच्या तुकड्याविषयी ‘हाक आहे’ किंवा ‘नाही’ असा निवाडा देते. दिवसाचे असे ४३,२०० तुकडे. समजा, त्या दिवशी खऱ्या हाका वीस आहेत आणि यंत्र त्यांतल्या अठरा पकडते. रिकाम्या तुकड्यांविषयी ते शंभरात एकदाच चुकते. कागदावर हे यंत्र नव्व्याण्णव टक्के अचूक ठरेल आणि त्याचा कर्ता सन्मानास पात्र होईल. परंतु त्या दिवशी त्याने वाजवलेल्या सुमारे साडेचारशे घंटांपैकी खऱ्या अठराच. उरलेल्या सगळ्या खोट्या. शोधावयाची वस्तू जेथे अतिदुर्मिळ असते तेथे थोडीशी चूकही डोंगराएवढी होते. उपाय एकच: निवाड्याचा उंबरठा उंच करावा, म्हणजे यंत्राची खात्री अधिक झाल्याखेरीज त्याने घंटा वाजवू नये. पण सुपाने पाखडताना हात जोराचा पडला की कोंड्याबरोबर दाणेही उडून जातात. उंबरठा चढवला की दूरच्या, क्षीण, गोंगाटात अर्धवट बुडालेल्या खऱ्या हाका आधी गळतात.

माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा येथे आहे. उंबरठा कोठे असावा हे गणित सांगू शकत नाही. यंत्र फक्त साक्ष देते, आणि ती किती विश्वासार्ह आहे याचा एक आकडा पुढे करते. कोणती चूक अधिक महाग हे ठरवणे मनुष्याच्या वाट्याचे आहे. जहाजाचा वेग कमी करावयाचा असेल तर एक खरी हाक चुकणे म्हणजे कदाचित चारशेंतला एक प्राणी गमावणे. तेथे उंबरठा खाली ठेवावा आणि खोट्या घंटा निस्तरण्यास माणसे नेमावीत. पण खोट्या घंटांना कंटाळून कप्तानाने त्यांची दखलच घेणे सोडले, तर तो खाली ठेवलेला उंबरठाही निष्फळ. एखाद्या संशोधकाला दहा वर्षांत देवमासे कोणत्या महिन्यात येतात एवढेच पाहावयाचे असेल तर तो निम्म्या हाका गमावूनही निश्चिंत राहू शकतो, फक्त गमावण्याचे प्रमाण सर्वत्र सारखे असले पाहिजे. आणि नेमके तेच सारखे नसते, कारण जहाजांचा गोंगाट वाढला की यंत्राची ऐकण्याची कक्षा आकसते. वर्षागणिक नोंदींत हाका घटल्या असे दिसले, तर देवमासे घटले की जहाजे वाढली, याचा खुलासा गोंगाट मोजल्याशिवाय होत नाही. गोंगाटाचा प्रश्न केवळ यंत्रापुरता नाही हे सप्टेंबर २००१ मध्ये अकल्पितपणे प्रत्ययास आले: अमेरिकेवरील हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची वाहतूक मंदावली तेव्हा कॅनडातील फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा गोंगाट सहा डेसिबेलनी उतरला, आणि त्याच सुमारास गोळा केलेल्या राइट देवमाशांच्या विष्ठेत ताणदर्शक संप्रेरकांचे प्रमाणही उतरलेले आढळले.

साच्याच्या पद्धतीला दुसरे एक गालबोट लागले, ते देवमाशांनीच लावले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील निळ्या देवमाशांच्या नोंदी चाळताना मार्क मॅकडोनल्ड यांच्या ध्यानात आले की आपल्या यंत्राची कंप्रता दरवर्षी थोडी खाली सरकवावी लागते, अन्यथा हाका निसटतात. यंत्रात बिघाड नव्हता. देवमाशांचा स्वर उतरत होता. जॉन हिल्डेब्रँड व सारा मेस्निक यांच्यासह त्यांनी २००९ मध्ये जगभरच्या जुन्या नोंदी पडताळून दाखविले की हा उतार एका ठिकाणचा नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तर १९६० नंतरच्या दशकातील स्वरापेक्षा तो ३१ टक्के खाली गेला होता. कारणांविषयी अद्याप एकमत नाही. हंपबॅकची गोष्ट आणखी निराळी. फ्रँक वॉटलिंग्टन यांनी बर्म्युडाजवळ आरमारी कामाच्या ओघात टिपलेल्या नोंदींवरून रॉजर पेन व स्कॉट मॅकवे यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले की या जातीचे आवाज म्हणजे ठरावीक क्रमाने पुनरावृत्त होणारी गीते होत. आणि पुढे असेही दिसून आले की एका टापूतले सगळे नर जवळजवळ एकच गीत गातात व ते हंगामागणिक बदलत नेतात. आज घेतलेला साचा परवाचे गीत ओळखील, याची शाश्वती कोणी द्यावी?

अशा चंचल गाण्यापुढे साचा सोडून उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राकडे वळणे क्रमप्राप्त होते. २०१३ साली कॉर्नेलने काही संस्थांच्या साह्याने राइट देवमाशाच्या हाकेसाठी खुली स्पर्धा ठेवली, दोन सेकंदांचे तीस हजार तुकडे खऱ्याखोट्याच्या शेऱ्यासह जगापुढे टाकले आणि दहा हजार डॉलरांचे पारितोषिक लावले. गंमत अशी की पहिली आलेली जोडी जुन्या साच्यांनाच शिकणाऱ्या निर्णयवृक्षांची जोड देऊन जिंकली. त्यानंतरच्या काळात मात्र न्यूरल नेटवर्कांनी मैदान मारले. गूगल व अमेरिकेची समुद्र-वातावरण संस्था नोआ यांच्या संशोधकांनी पॅसिफिकातील तेरा ठिकाणच्या एक लक्ष सत्त्याऐंशी हजार तासांच्या नोंदी अशा यंत्रापुढे ठेवल्या. मूळ यंत्र छायाचित्रांतील वस्तू ओळखण्यासाठी रचलेले होते. स्पेक्ट्रोग्राम हे एक चित्रच असल्याने ते या कामीही लागू पडले. यंत्राने आधी थोड्या शिकवणीवर नोंदी चाळाव्यात, जेथे त्याला खात्री वाटत नाही ते तुकडे माणसापुढे ठेवावेत, माणसाने त्यांवर शेरा मारावा आणि यंत्राने पुन्हा शिकावे, अशा फेऱ्यांनी काम पुढे सरकले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून किंगमन रीफसारख्या, जेथे हंपबॅक गातात हे कोणास ठाऊक नव्हते अशा ठिकाणीही त्यांची गीते सापडली. एक सावधगिरी मात्र येथेही सुटत नाही: असे यंत्र कशावरून शिकले हे ते सांगत नाही. एकाच नोंदयंत्राच्या हाका त्याला दाखवल्या तर देवमाशाबरोबर त्या नोंदयंत्राची गुणगुणही ते पाठ करून टाकते, आणि दुसऱ्या समुद्रात नेले की अडखळते. शिवाय जो देवमासा गप्प आहे त्याला कोणतेच यंत्र ऐकू शकत नाही. हंपबॅकचे गीत मुख्यतः नर गातात, म्हणून गीत ऐकू आले नाही याचा अर्थ तेथे माद्या व पिल्ले नाहीत असा काढता येत नाही.

आपल्या अरबी समुद्राला हे सारे लागू होते, आणि अधिक निकडीने होते. इतर हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे जातात. अरबी समुद्रातले जात नाहीत. जनुकांवरून पाहता ते सुमारे सत्तर हजार वर्षे इतरांपासून तुटून राहिले आहेत. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास सोव्हिएत जहाजांनी येथे दोनशेहून अधिक हंपबॅक बेकायदा मारले. ओमानच्या किनाऱ्यावर पुढे झालेल्या गणतीत शंभराच्या आतच उरल्याचा अंदाज निघाला. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानजवळ उपग्रहाशी जोडलेली खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी समुद्र ओलांडून डिसेंबरात गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली आणि तेथून दक्षिणेकडे कन्याकुमारीपर्यंत गेली; त्याच वर्षी गोव्याजवळील ग्रँड बेटापाशी ठेवलेल्या हायड्रोफोनांनी हंपबॅकचे गीत टिपले. निळ्या देवमाशांची सादही लक्षद्वीपच्या कवरत्तीजवळच्या नोंदींत आढळली व २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर २०१५ साली लागून मेलेला निळा देवमासा ज्यांनी पाहिला किंवा वर्तमानपत्रांत वाचला, त्यांना हे प्राणी कोकणच्या दाराशी असतात हे वेगळे सांगावयास नको. परंतु किनाऱ्याला लागलेले प्रेत ही फार उशिरा मिळणारी वर्दी होय; आणि पावसाळ्यात, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, या समुद्रात कोण वावरते हे सांगू शकेल असा साक्षीदार पाण्याखालचा कानच.

जुन्या नोंदी किती मोलाच्या असतात याचा दाखला आपल्या हिंदी महासागरातूनच देता येतो. अण्वस्त्रचाचणीबंदीवर देखरेख ठेवण्यासाठी दिएगो गार्सिया बेटाजवळ बसवलेले हायड्रोफोन पाण्याखालचा स्फोट ऐकण्याकरिता आहेत. ते सेकंदाला केवळ अडीचशे आकडे घेतात, परंतु निळ्या देवमाशाच्या खोल स्वराला तेवढे पुरते. एमान्युएल लेरुआ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींची सुमारे दोन दशकांची चळत चाळली तेव्हा तीत आजवर कोणत्याही ज्ञात समूहाशी न जुळणारे एक गीत वर्षानुवर्षे घुमत असल्याचे आढळले, आणि दिएगो गार्सिया ज्यात मोडते त्या चागोस द्वीपसमूहाच्या परिसरात बुटक्या निळ्या देवमाशांचा एक नवा समूह असावा असे त्यांनी २०२१ मध्ये मांडले. पॅसिफिकातही तसेच घडले: मारियाना गर्तेजवळ २०१४ साली ग्लायडरांनी टिपलेला एक विचित्र, धातूवर टणत्कार व्हावा तसा शेवट असलेला ध्वनी ब्राइड जातीच्या देवमाशाचा आहे हे निश्चित होऊन प्रसिद्ध होण्यास २०२४ उजाडले. त्याच कामात नव्या यंत्राला तो शिकवून जुन्या नोंदींतही हुडकण्यात आला. पहिल्या तपासणीत ‘काही नाही’ असा शेरा मिळालेल्या ध्वनिफिती कोणी पुसून टाकल्या असत्या, तर यांपैकी काहीच हाती लागले नसते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर बंदरे, तेलविहिरी आणि नव्या जलमार्गांच्या निमित्ताने पाण्याखालची जी ध्वनिमुद्रणे यापुढे होतील, त्यांचे यंत्राने केलेले गोषवारे तेवढे ठेवून मूळ नोंद रद्दीत काढण्याची पद्धत कोणत्याही खात्याने पाडू नये. आणि यंत्राचा निकाल दप्तरी दाखल करताना तो कोणत्या उंबरठ्यावर लावला, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.